पाळकगृहाच्या आतल्या खोलीतून

अगं, बीएस्सीनंतर तुला थिऑलॉजीला जायचंय हे मला मावशीकडून कळलं. तिच्या आवाजात काळजी होती आणि थोडा रागही होता. मी तिला म्हटलं, तू आत्ताच काही बोलू नकोस, आधी मला तिच्याशी बोलू दे. फोनवर एवढं सगळं सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसले.

मी पाळक नाही. पण पाळकाच्या घरात जन्मले, पाळकाशीच लग्न केलं, आणि आयुष्यात राहिले ती सगळी घरं मंडळीच्या मालकीची होती. तू बँकेच्या क्वार्टरमध्ये वाढलीस, रविवारी उपासनेला येऊन अकरा वाजता घरी जात होतीस. पुलपिटावरून काय दिसतं ते तुला तुझे प्राध्यापक शिकवतील. आतल्या खोलीतून काय दिसतं ते शिकवायला तिथे कुणी नसतं, म्हणून ते माझ्याकडून ऐक.

पाचारण झालंय हे कसं ओळखायचं, हेच तुला आधी छळत असणार. आपल्याकडे साक्ष देताना माणसं प्रकाश, आवाज, स्वप्न सांगतात, आणि ऐकणाऱ्या मुलीला वाटतं, मला तर असलं काहीच झालं नाही. आपली मेथडिस्ट मंडळी ज्यांच्यापासून सुरू झाली त्या जॉन वेस्लींचंच बघ. १७२५ साली ते डीकन झाले, १७२८ साली त्यांना पूर्ण दीक्षा मिळाली. पुढे अमेरिकेत जॉर्जियाला गेले, तिथलं काम फसलं आणि १७३८ च्या सुरुवातीला खचलेल्या मनानं ते लंडनला परतले. त्याच वर्षी २४ मेच्या संध्याकाळी ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका छोट्या सभेला ते मनाविरुद्धच गेले. तिथे मार्टिन लूथरनं रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना कुणीतरी वाचत होतं. ती ऐकताना त्यांच्या अंतःकरणाला जी ऊब लागली तिची आठवण मेथडिस्ट मंडळी अजून दर मे महिन्यात काढते. विचार कर, दीक्षा होऊन दहा वर्षं झाल्यावर त्यांना ती ऊब मिळाली! तेव्हा तुला आज नुसती ओढ वाटते, खात्री वाटत नाही, एवढ्यावरून मागे फिरू नकोस.

ओढ कशाची आहे ते मात्र निरखून बघ. माइकची असेल, पांढऱ्या झग्याची असेल, मोठ्या माणसांनी आपल्यापुढे डोकं लववण्याची असेल, तर ती फार टिकत नाही. पहिल्या एक-दोन नेमणुकांतच विरते, आणि मग माणूस कडवट होतो. आजारी माणसाच्या खाटेशेजारून तुला उठवत नसेल, कुणाच्या घरातली भांडणं ऐकून आल्यावर रात्री त्यांच्यासाठी तुझ्या तोंडून आपोआप प्रार्थना निघत असेल, एखादं वचन वाचलं की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नसेल, तर त्या ओढीवर मी विश्वास ठेवीन.

शिवाय आपल्याकडे हे एकटीनं ठरवायचंच नसतं. तुझ्या मंडळीनं तुझी शिफारस करायची, मग डिस्ट्रिक्ट सुपरिटेंडंट, मग कॉन्फरन्सच्या मुलाखती. लोकल प्रीचर म्हणून तुला बोलायला देतील आणि तू कशी बोलतेस त्याहून कशी वागतेस हे बघतील. पुढे सेमिनरी, त्यानंतर उमेदवारीची वर्षं, डीकन, आणि शेवटी एल्डर. मुलींना हा प्रवास कंटाळवाणा वाटतो. मला तो दयेचा वाटतो, कारण वाटेत थांबायला, परत वळायला जागा आहे. कुणी वळलं तर त्यात लाज नाही, हे मावशीलाही सांगून ठेव.

शिकायला तू बहुधा महाराष्ट्राबाहेर जाशील. बरेलीची सेमिनरी १८७२ पासूनची, जबलपूरचं लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजही आपल्याच मंडळीचं. तिथे ग्रीक आणि हिब्रूची तोंडओळख होईल, मंडळीचा इतिहास होईल, आणि सगळं इंग्रजीत किंवा हिंदीत होईल. मग परत येऊन तू उभी राहणार नागपूरच्या नाहीतर पुण्याच्या मराठी मंडळीपुढे. मी तरुण पाळक पाहिलेत, हुशार, मनानं चांगले, पण उपदेश करतात तेव्हा पुस्तकातला इंग्रजी परिच्छेद मराठी कपडे घालून उभा राहिल्यासारखा वाटतो, आणि मागच्या बाकावरची आजी घरी जाताना काहीच घेऊन जात नाही. म्हणून तिथे असतानाही रोज पानभर मराठी लिही. बायबल मराठीत मोठ्यानं वाच. उपासना संगीताचं पुस्तक सोबत ने. आणि लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसशील तर जाण्याआधी वाच. त्यांचे पती टिळक आपल्या मेथडिस्ट मंडळीतले नव्हते, ते अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधले. पण नवरा देवाच्या कामाला वाहून घेतो तेव्हा घरातल्या बाईच्या वाट्याला काय येतं, हे इतकं खरं दुसऱ्या कुणी लिहिल्याचं मला माहीत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. लोकांना वाटतं, पाळकाचं काम रविवारी सकाळी असतं. मी सांगते, ते काम मंगळवारी दुपारी असतं, कुणाच्या तरी घरात, जमिनीवर नाहीतर खाटेच्या कडेवर बसून. मेथडिस्ट मंडळी उभीच त्यावर राहिली. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज फेडायचं होतं. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणी म्हणालं, कित्येकांची तेवढीही ऐपत नाही. तर ते म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा. ज्यांना जमणार नाही त्यांचं मी भरीन. असे बारा-बारांचे गट झाले आणि एकेकजण दर आठवड्याला घरोघर जाऊ लागला. पेनी गोळा करता करता घरांत काय चाललंय ते समजू लागलं. वेस्लींनी ते ताबडतोब हेरलं आणि कर्जवसुलीच्या त्या गटांतून क्लास मीटिंग तयार झाली, माणसांची विचारपूस करणारी, त्यांना सावरणारी. कॉन्फरन्सचं पूर्ण सदस्यत्व घेताना पाळकाला जे जुने प्रश्न विचारतात ना, वेस्लींच्या काळापासूनचे, त्यांत आजही एक प्रश्न घरोघर जाशील का, असा आहे. मुलांना शिकवशील का, असाही आहे.

तर घरभेटीबद्दल नीट ऐक. जाताना बायबल ने, पण आत गेल्या गेल्या उघडू नकोस. चहा नाकारू नकोस, अर्धा कप घे. ज्यांच्या घरचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या कुणी घेतलं नाही अशी माणसं आपल्या मंडळीत पुष्कळ आहेत आणि तू कप कसा धरतेस हे ती बघतात. बोलणाऱ्याकडे लक्ष दे, पण दाराआड कोण उभं आहे तिकडेही दे. बहुतेक वेळा खरं दुखणं त्या दाराआडच्या सुनेचं किंवा नापास झालेल्या मुलाचं असतं. प्रार्थना छोटी कर आणि घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन कर. नाव विसरू नकोस, त्याची वही ठेव. गाडी असलेल्या घरी आधी आणि वस्तीतल्या घरी वेळ उरला तर, असं कधीही करू नकोस. मंडळी हे कधी विसरत नाही, आणि विसरूही नये. आणि तिथे ऐकलेलं पोटात ठेव. उद्या लग्न झालं तर नवऱ्यालाही सांगायचं नाही. माझ्या नवऱ्यानं आजवर मला कुणाच्या घरातली एक गोष्ट सांगितलेली नाही. काही वेळा समोरच्या बाईशी मी हसून बोलले आणि तिच्यावर काय कोसळलंय हे मला फार उशिरा बाहेरून कळलं. त्याचा मला कधी राग आला नाही. त्यामुळेच तर माणसं आमच्या दारात येऊ शकतात.

एकीकडे अशी माणसं जोडायची आणि दुसरीकडे निघायची तयारी ठेवायची. मेथडिस्ट पाळक स्वतःची मंडळी निवडत नाही. कॉन्फरन्स भरते, शेवटी बिशप नेमणुका वाचून दाखवतात आणि त्या यादीत आपल्या नावापुढे गाव असतं. वेस्लींचं मत असं होतं की एकाच जागी वर्षभर बोलत राहिलो तर मी आणि माझे श्रोते दोघंही झोपी जाऊ. ते स्वतः म्हातारपणापर्यंत घोड्यावर फिरत राहिले. अमेरिकेत फ्रान्सिस ॲज्बरी १७७१ पासून १८१६ साली मरण येईपर्यंत असेच फिरले. त्यांना स्वतःचं घर असं नव्हतंच. आपल्या मुंबईत विल्यम टेलर १८७१ साली आले तेही असेच फिरते उपदेशक. त्यांनी घराघरांत छोटे गट केले आणि परदेशातल्या पैशावर न जगणारी, आपल्या पायावर उभी राहणारी मंडळी हवी असा आग्रह धरला. मुंबई-पुण्याच्या मेथडिस्ट मंडळ्यांची मुळं तिथवर जातात.

हे वाचताना अंगावर रोमांच येतात, हो की नाही? माझ्याही येतात. पण यादी वाचून झाल्यावर घरी येऊन खोकी बांधायची असतात. मुलीची दहावी असते. शेजारणीकडे पिठाचा डबा राहिलेला असतो. ज्या आजींच्या शेवटच्या दिवसांत आपण सोबत असायला हवं होतं त्या आजी मागे राहतात, आणि त्यांना मूठमाती दुसरा कुणी देतो. मी लहान असताना बदलीचं नाव निघालं की रडायचे. आई रडायची नाही, ती भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत बसायची. मोठी झाल्यावर मला तिचा स्वभाव उमजला. ती प्रत्येक गावात अंगणात झाड लावायची, फळ आपल्याला मिळणार नाही हे माहीत असताना. तूही तशीच राहा. उद्या जायचंय म्हणून आज हातचं राखून प्रेम करणारा पाळक मंडळीला लगेच ओळखू येतो. आणि निघालीस की पूर्ण नीघ. जुन्या मंडळीतले लोक नव्या पाळकाच्या तक्रारी फोनवर सांगतील. ऐकू नकोस. तुझ्या जागी आलेल्या माणसाला जागा होऊ दे.

घरसंसाराच्या बाबतीत मात्र या थोर माणसांचा कित्ता गिरवू नकोस, हे मी तुला बहीण म्हणून सांगते. वेस्लींनी १७५१ साली लग्न केलं आणि फिरती एका दिवसानं कमी केली नाही. ते लग्न दुःखाचं झालं, बायको शेवटी सोडून गेली. ॲज्बरींनी लग्न केलंच नाही. मुंबईचे जॉर्ज बोवेन, ज्यांच्या नावाचं चर्च कुलाब्याकडे आहे, ते १८४८ साली आले, लवकरच त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि वस्तीत अगदी साधेपणानं राहिले. पुढे ते मेथडिस्ट मंडळीत आले आणि १८८८ साली वारले. मधल्या चाळीस वर्षांत ते मायदेशी परत गेले नाहीत. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण ते एकटे होते. स्वतः गरिबी पत्करणं ही भक्ती असेल. ती मुलांच्या ताटात वाढायला आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. पाळकाचा पगार थोडा असतो, आणि निवृत्तीच्या दिवशी पाळकगृहाची किल्ली द्यावी लागते हे पहिल्या पगारापासून लक्षात ठेव. दर महिन्याला थोडं बाजूला टाक. त्या जुन्या प्रश्नांत आणखी एक आहे: कामात अडचण येईल असं कर्ज तुझ्यावर आहे का? अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हे विचारावंसं वाटलं यावरून काय ते समज. मंडळीतल्या कुणाकडूनही उसने पैसे घेऊ नकोस, अगदी लाडानं देत असले तरी. आणि चर्चच्या पैशाला एकटीनं हात लावू नकोस. दानार्पण नेहमी दोघांनी मोजावं, लगेच लिहावं, खजिनदाराची सही घ्यावी.

आता बाई म्हणून. अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चनं १९५६ साली स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण हक्क दिले. आपली भारतातली मंडळी तेव्हा त्याच चर्चचा भाग होती, स्वायत्त झाली ती १९८१ साली. म्हणजे दार तुझ्या आईच्या जन्माआधीपासून उघडं आहे. तरी त्या दारातून जाणाऱ्या मुली आजही कमी आहेत, आणि तुला प्रत्येक नव्या गावात थोडं नव्यानं सिद्ध करावं लागेल. एखादे आजोबा म्हणतील, नातवाचा बाप्तिस्मा बाईच्या हातून नको. दारात उभी राहून वाद घालू नकोस. ते आजारी पडतील तेव्हा जा, आणि पुन्हा जा. बायकांनी हे काम हक्क मिळण्याच्या फार आधीपासून केलंय. वेस्लींची आई सुसॅना, नवरा बाहेरगावी असताना रविवारी संध्याकाळी घरातच मुलांना आणि नोकरांना उपदेश वाचून दाखवायची. शेजारी येऊ लागले, १७१२ च्या त्या हिवाळ्यात दोनशेच्या आसपास माणसं जमू लागली, आणि चर्चमधल्या सहायक पाळकानं तिच्या नवऱ्याकडे तक्रार केली. तिनं नवऱ्याला शांतपणे कळवलं की थांबवायचं असेल तर मला स्पष्ट आज्ञा द्या, नुसती इच्छा सांगू नका. त्या घरात तेव्हा आठ-नऊ वर्षांचा जॉन होता. पुढे १८७० साली इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन भारतात आल्या. एकीनं लखनौला मुलींची शाळा काढली, दुसरीनं बरेलीला बायकांवर उपचार सुरू केले. यांच्या मागून तू येतेयस. मान ताठ ठेवून ये.

लग्नाचा विषय मावशी काढेलच, म्हणून मीच काढते. मुलगा बघायला आला की पहिल्याच भेटीत सांग: माझी बदली होणार, रात्री दवाखान्यातून फोन आला तर मी जाणार, नाताळच्या आठवड्यात घरी स्वयंपाक होईलच असं नाही. ऐकून ज्याचा चेहरा पडेल त्याच्यावर राग धरू नकोस, त्याला जाऊ दे. आणि रात्री जाताना एकटी जाऊ नकोस. महिला मंडळातल्या एखाद्या खमक्या काकूंना आधीच सांगून ठेव. अशा काकू प्रत्येक मंडळीत असतात आणि त्यांना नुसतं विचारायचा अवकाश असतो.

सेमिनरीत कदाचित न शिकवलेल्या एक-दोन गोष्टी. विवाह लावायचं लायसन्स मिळालं की १८७२ चा इंडियन ख्रिश्चन मॅरेज ॲक्ट स्वतः वाच. आपल्याकडच्या लग्नाला त्या कायद्यानं सकाळी सहा ते संध्याकाळी सात हीच वेळ आहे. वरात नाचत नाचत साडेसातला आली तर नवरदेवाचे मामा तुझ्या अंगावर ओरडतील. म्हणून हे नोटीस घेतानाच दोन्ही घरच्यांना बसवून सांग. वयाचे दाखले डोळ्यांनी बघ. रजिस्टर त्याच दिवशी भर, खाडाखोड नको. चाळीस वर्षांनी कुणाला पासपोर्टसाठी, कुणाला वारसासाठी तुझ्या हातची ती ओळ लागणार आहे.

आणि दाखल्यांसाठी माणसं येतील तेव्हा तुझ्या पोटात कालवेल, हे आधीच सांगते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. जात गावात सुटत नाही, सवलत मात्र सुटते. एखादी आई येऊन म्हणेल, पाळकबाई, मुलाच्या ॲडमिशनसाठी कागदावर आम्ही ख्रिस्ती नाही असं म्हटलं तर देव रागावेल का? उपदेश देऊ नकोस. तिच्याजवळ बस. खोटा कागद तू लिहायचा नाहीस, पण तिला पापी ठरवून घरीही पाठवायचं नाहीस. या दोन्ही गोष्टी एकत्र पेलणं पाळकाला जमायला हवं. मला अजून कुणी याहून सोपं उत्तर दिलेलं नाही.

स्वतःसाठी आठवड्यातला एक दिवस राख. रविवार तुझा नसतो, तेव्हा सोमवार घे, आणि मंडळीला तो माहीत असू दे. दुसऱ्यांसाठी वचन शोधता शोधता आपण स्वतःसाठी वाचायचं विसरतो. मी घरातल्या घरात हे होताना पाहिलंय. चेहरा तसाच राहतो, प्रार्थना तशाच सुरेख होतात, पण माणूस आतून कोरडा पडलेला असतो, आणि ते आधी त्याच्या मुलांना कळतं. तसं वाटू लागलं तर एखाद्या वडीलधाऱ्या पाळकाकडे जा आणि सांग. माझ्याकडेही ये. बोलली नाहीस तरी चालेल, जेवून झोपून जा.

आता लगेच करायचं ते. फॉर्म मागवायच्या आधी तुमच्या मंडळीतल्या पाळकसाहेबांना स्वतः जाऊन भेट. त्यांना ही बातमी दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. त्यांना विचार, नाताळपर्यंत दर आठवड्याला मी तुमच्याबरोबर घरभेटीला येऊ का. ते हो म्हणतील. दवाखान्यातही जा, मातीलाही जा. संडे स्कूलचा सगळ्यात लहान मुलांचा वर्ग माग, तो कुणालाच नको असतो. मावशीशी मी या रविवारी उपासनेनंतर बोलते. तू त्या दिवशी घरी थांब, आणि ती रडली तर तिला रडू दे.